उत्तरेकडचं तांबडं आभाळ

नमस्कार श्रोतेहो.

मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी रात्रीच्या आभाळातला लाल प्रकाश टिपला. एरवी ध्रुवांकडच्या आभाळात दिसणारा हा ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ऑरोरा. तेव्हापासून साताऱ्यात मला एकच प्रश्न विचारतात, "कासच्या पठारावर गेलो तर आपल्याला दिसेल का हो?"

प्रश्न भाबडा मुळीच नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रविवारी मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आली होती. मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेशही त्या रात्रीच्या चुंबकीय वादळात अडले. आणि सातारा मुंबईच्या दक्षिणेला जेमतेम सव्वा अंश!

सूर्यावरून उसळलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला, की चुंबकीय वादळ होतं आणि एरवी ध्रुवांभोवती असणारं प्रकाशाचं कडं विषुववृत्ताकडे सरकतं. ऑक्सिजनचा हिरवा उजेड शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर, तर लाल दोनशेच्याही वर. दुरून पाहताना पृथ्वीच्या गोलाईआड हिरवा झाकला जातो. चारशे किलोमीटर उंचीवरचा लाल मात्र दोन हजार किलोमीटरवरूनही क्षितिजाशी दिसू शकतो. म्हणून आपल्याकडे दिसलाच, तर फोटोतला तो हिरवा पडदा नव्हे. पलीकडच्या डोंगराला वणवा लागावा तशी तांबूस झाक.

अशी रात्र फार दुर्मीळ. २०२४ च्या वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण चारशे नॅनोटेस्लांनी घटलं; नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदलेली घट होती सुमारे सोळाशेंची! तिथली माणसं चुंबकसूचीपाशी बसून हातानं आकडे लिहीत होती. त्या महावादळाचा अभ्यास करताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही ती नोंद उघडतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवलं, ते आजही चालू आहे. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता एक मागणं. १८७२ ची ती रात्र म्हणजे शके १७९३, पौषातला वद्य पक्ष. चंद्र उशिरा उगवणारा, आभाळ काळोखं. वाई, मेढा, कराडकडच्या जुन्या वाड्यांत रोजकीर्दी, पंचांगं, पत्रं अजून बासनात आहेत. त्यांच्या समासात कुणी 'उत्तरेस आकाश आरक्त' असं काही लिहून ठेवलंय का, एवढं बघाल? सापडलं तर कागद पुसू नका, घडी मोडू नका. आधी आम्हाला कळवा.