अण्णा कर्वे : १८५८ ते १९६२

१८ एप्रिल १८५८. कोकणात, शेरवलीला धोंडो केशव कर्व्यांचा जन्म झाला. उत्तरेत बंड अजून धुमसत होतं. त्याच वर्षी कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं.

मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. वय सतरा दिसत नाही म्हणून त्याला बसूच दिलं नाही. तो तसाच परतला. पुढे मात्र शिकला आणि १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला.

त्याच वर्षी पत्नी राधाबाई गेल्या. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, हे अण्णांनी ठरवलं. १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांचा पुनर्विवाह झाला. मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. आईला लेकाशी उघडपणे संबंध ठेवता येईना. समाजसुधारणेची किंमत घरातल्या बायकांनी किती मोजली, हे आपण फार कमी बोलतो. गोदूबाई, ज्यांना सगळे ‘बाया’ म्हणत, त्यांचं नावही आज किती जणांना ठाऊक आहे?

१८९६ साली पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी शहरात प्लेग शिरला. प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला, माळावरच्या एका झोपडीत गेला. कॉलेज सुटलं की अण्णा पायी हिंगण्याची वाट धरत. पावसाळ्यात त्या वाटेवर नुसता चिखल. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरणं.

१९१६. युरोपात महायुद्ध, इकडे टिळकांचा होमरूल संघ. त्याच वर्षी अण्णांनी महिला विद्यापीठ उघडलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली होती, त्यातून हे सुचलं. शिक्षण मातृभाषेतून. पहिल्या वर्गात मुली किती? पाच! १९२० साली उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी जाहीर केली, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईंचं, नाथीबाईंचं नाव मिळालं.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, हा माणूस खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी पुन्हा वर्गणी मागायला निघाला. १९४४ साली जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. स्वातंत्र्य आलं तेव्हा ते एकोणनव्वद वर्षांचे होते. १९५० साली पत्नी ‘बाया’ गेल्या. १९५८ साली, वयाची शंभरी गाठली तेव्हा, भारतरत्न मिळालं.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनशी युद्ध चालू असताना, एकशे चार वर्षांचे अण्णा पुण्यात वारले. हिंगण्याचा माळ तोवर कर्वेनगर झाला होता, आणि तिथे मुलींच्या शाळा भरत होत्या.