गच्चीवरची टाकी आणि हिवताप

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत हिवतापाचे रुग्ण वाढू लागतात आणि सोसायटीच्या बैठकीत सारा दोष गटाराच्या माथी मारला जातो. गटारात डास होतात हे खरे. परंतु ते बहुतांशी क्युलेक्स जातीचे, रात्रभर कानाशी गुणगुणणारे. शहरात हिवताप पसरवणारी ॲनोफिलिस स्टीफेन्सी या डासाची मादी अंडी घालते ती टाकीत, पिंपात, विहिरीत, म्हणजे आपण ज्याला स्वच्छ पाणी म्हणतो त्यात. डासाच्या पोटातला हिवतापाचा परोपजीवी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत पाहिला. आपण मात्र अजून गटारालाच शिव्या देतो.

गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण उचला आणि पांढऱ्या वाटीत थोडे पाणी घ्या. डेंग्यूच्या डासाची अळी डोके खाली करून लटकलेली दिसते, तर हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी पडून असते आणि वाटीला धक्का लागताच मागच्या मागे सरकते. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पिंप आठवड्याला कोरडे करता येते, उंच इमारतीची टाकी नाही. म्हणून तिचे झाकण घट्ट हवे आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी हवी.

घोडबंदर रोड, खारघर, उलवे इथे बांधकामे चालू आहेत. स्लॅबवर मारलेले पाणी आणि लिफ्टच्या खड्ड्यातले तळे यांच्याजवळच मजूर मच्छरदाणीविना झोपतो. 'मजुरांनी हिवताप आणला' असे म्हणणाऱ्यांनी ते तळे कुणी साचू दिले, हेही विचारावे.

हिवतापाच्या व्हायवॅक्स प्रकारातला परोपजीवी रक्तातून नाहीसा झाला, तरी यकृतात दडून राहतो. त्याला तिथून काढण्यासाठी डॉक्टर प्रायमाक्विनच्या गोळ्या सहसा १४ दिवस देतात. गर्भवतींना त्या देत नाहीत. ताप मात्र तीन-चार दिवसांतच उतरतो, हजेरी बुडवणे परवडत नसलेला मजूर कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या खोपटात पत्र्याखाली खोचलेल्या राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा थंडी वाजते, तेव्हा तो दुसऱ्याच साइटवर असतो आणि तिथल्या नोंदवहीत नवा रुग्ण म्हणून चढतो.