बिल कुणाच्या नावावर?

[पडद्यावर: मोबाइलच्या स्क्रीनवर भराभर चढणारा सदस्यांचा आकडा. संगीत नाही.]

जून २०२४ चा पहिला आठवडा. जगभरचे चित्रकार आपल्या चाहत्यांना एकच निरोप देत होते: इन्स्टाग्रामवरून बाडबिस्तारा हलवतोय, नवा पत्ता लिहून घ्या. हा नवा पत्ता होता 'कारा', चित्रकारांसाठीची एक सोशल साइट. आठवड्यापूर्वी तिथे जेमतेम ४० हजार माणसं होती. आठवडा संपेपर्यंत ती साडेसहा लाखांच्या घरात गेली.

एखाद्या कंपनीत हे घडलं असतं तर पेढे वाटले असते. इथे बिल आलं. सर्व्हरचं बिल, ९६ हजार डॉलरच्या वर. त्या वेळच्या भावानं साधारण ८० लाख रुपये. आणि ज्यांच्या दारात ते येऊन पडलं, त्यांच्यामागे ना गुंतवणूकदार होते, ना पगारी कर्मचारी. होती एक फोटोग्राफर आणि आपापली कामं सांभाळून मदतीला आलेली काही माणसं.

[पडद्यावर: जिंगना झांग यांची छायाचित्रं, एकेक, सावकाश.]

जिंगना झांग. जन्म चीनमधला, वाढल्या सिंगापूरमध्ये. आधी नेमबाज. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सिंगापूरसाठी एअर रायफलमध्ये पदक मिळवलं. मग रायफल ठेवली आणि कॅमेरा उचलला. 'वोग', 'एल', 'हार्पर्स बझार' यांच्यासाठी कामं केली. त्यांचे फोटो नीट पाहा. कपड्याची घडी, गालावरचा उजेड, मागचा अंधार... पहिल्या नजरेला तैलचित्रच वाटतं.

या कामाला महिन्याचा पगार नसतो. आज शूट, पैसे कधी तरी. पुढचं काम मिळेल ते मागचं पाहून. म्हणून फ्रीलान्सरला आपलं काम सतत कुठे तरी मांडून ठेवावं लागतं, आणि ती जागा बहुतेक वेळा दुसऱ्याची असते.

झांग यांच्यासाठी सुरुवातीची जागा होती 'डेव्हियंटआर्ट'. २००० साली सुरू झालेली ही साइट. तिथे त्या 'झेमोशन' या नावानं वावरायच्या. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कितीतरी चित्रकारांची खरी शाळा तीच. पोरंसोरं चित्र टाकायची, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून कुणी तरी सांगायचं, कोपर चुकलंय बघ, सावली उलट पडलीये. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. सांगणाराही बहुधा कालपरवाच शिकलेला.

२०१७ मध्ये ही शाळा 'विक्स' या कंपनीनं ३ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली. ज्यांच्या चित्रांनी ती भरली होती, त्यांना कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. भाडेकरूला विचारून कोण घर विकतं?

[पडद्यावर: 'एआय नको' अशा लाल काट मारलेल्या चौकोनांनी भरलेलं पान. तोच चौकोन, शेकडो वेळा.]

मग आलं २०२२. वाक्य टाईप करा, चित्र घ्या, अशी साधनं बाजारात आली. ती तयार करताना इंटरनेटवरची कोट्यवधी चित्रं यंत्राला खायला घातली होती, बिनविचारता. नोव्हेंबरात डेव्हियंटआर्टनं स्वतःचंच असं साधन काढलं. तिथे आरडाओरडा झाला, नियम बदलावे लागले. डिसेंबरात गोंधळ 'आर्टस्टेशन'वर पोहोचला. गेम आणि सिनेमाच्या चित्रकारांची ही मोठी पेठ. कामं देणारे तिथेच माणसं शोधतात. तिथल्या पहिल्या पानावर एआयची चित्रं झळकायला लागली, तेव्हा शेकडो चित्रकारांनी आपल्या खात्यावर एकच निषेधाचं चित्र लावलं. हे तुम्ही पाहताय ते पान.

निषेध करणं सोपं नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं. आपल्या दुकानाच्या पाटीवर काळा रंग फासल्यावर गिऱ्हाईक कुठून येणार? तरी त्यांनी केलं.

झांग यांनी त्यापुढचं पाऊल उचललं. २०२३ च्या सुरुवातीला 'कारा' लोकांसाठी उघडलं. अर्धं पोर्टफोलिओ, म्हणजे आपली कामं मांडायची जागा, अर्धं गप्पांचं. यंत्रानं काढलेली चित्रं पोर्टफोलिओत चालणार नाहीत, ही पहिली अट. सदस्यांच्या चित्रांवर 'यंत्राला शिकवायला वापरू नका' अशी खूण आपोआप. शिवाय शिकागो विद्यापीठात बेन झाओ यांच्या चमूनं बनवलेल्या 'ग्लेझ'ची सोय. हे सॉफ्टवेअर चित्रात असे बारीक फेरफार करतं, की माणसाच्या डोळ्याला ते जवळपास जाणवत नाहीत, पण शैली उचलू पाहणाऱ्या यंत्राची दिशाभूल होते. गणित भारी आहे, संगणकाला जड जातं. म्हणजे इथेही खर्च.

आता जरा २०२४ चा उन्हाळा एकत्र पाहू. एप्रिलमध्ये झांग आणि आणखी तीन चित्रकर्तींनी गूगलवर अमेरिकेत दावा लावला, आमचं काम न विचारता यंत्राला शिकवायला वापरलं म्हणून. मे महिन्यात लक्झेंबर्गच्या अपील न्यायालयाचा निकाल आला. तिथल्या एका तरुण चित्रकारानं झांग यांचा २०१७ चा एक फोटो आरशात धरल्यासारखा उलटा करून रंगवला होता, आणि त्या चित्राला १,५०० युरोंचं बक्षीसही मिळालं होतं. खालच्या न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं होतं, तुमचा फोटो पुरेसा अस्सल नाही. पोज तर काय, कुणीही देतं. हा निकाल अपिलात फिरला. झांग जिंकल्या.

याच सुमारास इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीनं, मेटानं, युरोपातल्या वापरकर्त्यांना कळवायला सुरुवात केली की तुमच्या सार्वजनिक पोस्ट आम्ही एआय शिकवायला वापरणार. चित्रकारांचा लोंढा काराकडे वळला. आणि पाठोपाठ ते बिल.

दावा, निकाल, लोंढा, बिल. आणि या सगळ्यात फोटो कधी काढायचे?

[पडद्यावर: थांबा. रिकामा स्टुडिओ, दिव्यांचे स्टँड.]

पैशांच्या बिलावर जगभर बातम्या झाल्या. लोकांनी देणग्याही दिल्या. निदान त्या बिलावर आकडा छापलेला होता. पण साडेसहा लाख माणसांची खाती, 'माझं चित्र अपलोड का होत नाही' या तक्रारी, कुणी कुणाला शिव्या दिल्या ते पाहणं, अमुक चित्र खरंच हातानं काढलंय का याचा निवाडा करणं... या तासांचं बिल कुणी फाडलंच नाही. ते तास फ्रीलान्सरच्या कमाईच्या तासांतूनच जातात. नोकरदार माणूस रविवारी समाजकार्य करतो, त्याचा सोमवारचा पगार शाबूत असतो. फ्रीलान्सरचा रविवार हाच कुणाचा तरी 'उद्या सकाळपर्यंत हवंय' असतो.

दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवून पाहू.

[पडद्यावर: सिएटलच्या रस्त्याची रेखाटनं. पेन, पाण्याचे रंग, कॉफीचा डाग.]

गॅब्रिएल कॅम्पनारिओ हे मूळचे स्पेनचे पत्रकार आणि रेखाटनकार, तेव्हा अमेरिकेतल्या 'सिएटल टाइम्स' या दैनिकात नोकरीला. नवं शहर ओळखीचं व्हावं म्हणून ते जाता-येता चित्रं काढायचे. २००७ मध्ये त्यांनी फ्लिकर या फोटोंच्या साइटवर एक गट केला: जागेवर बसून, समोर दिसतं ते काढणाऱ्यांसाठी. त्यातून 'अर्बन स्केचर्स' उभं राहिलं. २००९ मध्ये ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली, २०१० मध्ये पोर्टलंडला पहिलं संमेलन भरलं. आज मुंबईत आणि पुण्यातही या संस्थेच्या शाखा आहेत. वहीपेन्सिल घेऊन फुटपाथवर बसलेली माणसं दिसली, तर ती बहुधा हीच किंवा यांच्यासारखीच.

त्यांचा जाहीरनामा आठ कलमांचा. प्रत्यक्ष जागेवर काढा, जे दिसतं त्याच्याशी इमान राखा, एकमेकांना आधार द्या, एकत्र बसून काढा, चित्रं ऑनलाइन दाखवा. संपलं. 'चांगली' चित्रं काढा, असं एकही कलम त्यात नाही. नवख्या माणसाला वही उघडायचं धाडस होतं ते यामुळेच.

अर्बन स्केचर्सनं आपला सर्व्हर घातला नाही. आधी फ्लिकर, मग ब्लॉग, मग फेसबुक, इन्स्टाग्राम. बहुतेक भाड्याचंच घर. त्यामुळे ९६ हजार डॉलरचं बिल त्यांच्याकडे येणं शक्यच नाही. पण घरमालक बदलला, त्यानं चित्रांऐवजी रील पुढे ढकलायला सुरुवात केली, की यांची रेखाटनं मागे पडतात, आणि तक्रार करायला खिडकी नसते. कारानं उलटं केलं: स्वतःचं घर बांधलं, नियम स्वतःचे, आणि वीजबिलही स्वतःचं. यातलं कुठलं बरोबर, असा निवाडा मी देणार नाही. मला वाटतं, फरक आणखी एका ठिकाणी आहे. अर्बन स्केचर्समध्ये काम वाटलं गेलं. पुण्याच्या शाखेचं पुण्यातल्या चार जणांनी पाहायचं, सिएटलनं नाही. आणि सुरू करणाऱ्याला दैनिकाची नोकरी होती, हेही मोकळेपणानं म्हणायला हवं. पगाराच्या भिंतीला टेकून उभं राहणं सोपं जातं.

[पडद्यावर: पुणे. रविवारची सकाळ. तुळशीबागेच्या तोंडाशी कट्ट्यावर बसलेली पाचसहा माणसं, मांडीवर वह्या.]

आपल्याकडचे गट बहुतेक व्हॉट्सॲपवर. एका गटाची मर्यादा २०२२ मध्ये २५६ वरून आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. अॅडमिन मात्र तोच राहिला, एकटा. सकाळी सुप्रभातच्या फुलांना आवर घालायचा, दुपारी कुणी टाकलेली गृहकर्जाची जाहिरात काढायची, संध्याकाळी रविवारची जागा ठरवायची. मध्ये कधी तरी स्वतःचं पुस्तकाचं मुखपृष्ठ पूर्ण करायचं. दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यात येतात, सगळ्यांची एकदम. तेव्हा गटात कुणी विचारतं, 'अॅडमिन कुठे गायब?'

आणि इतकं करून गटात होतं काय? अंगठे. 'वा!', 'क्या बात है!', फुलं. कौतुक वाईट नाही, पण त्यावर घरभाडं निघत नाही. चित्रकारांच्या गटानं करायचं सगळ्यात मोलाचं काम वेगळं आहे, आणि तेच आपण टाळतो: पैशांबद्दल बोलणं. मुखपृष्ठाला किती घेतलेस? अॅडव्हान्स मागितलास का? दुरुस्त्या किती फुकट? हे विचारायला लाजतो, सांगायला त्याहून जास्त. त्याचा फायदा कोणाला होतो, हे वेगळं सांगायला नको.

कायद्याचंही तसंच. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे आधी लिहून घेतलं नाही तर हक्क गेला. हक्क लिहून दिले पण मुदत घातली नाही, तर ते पाच वर्षांपुरते धरले जातात. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरते. आणि हक्क विकल्यावरही 'हे चित्र माझं आहे' असं म्हणायचा अधिकार उरतोच, कलम ५७ खाली. तुमचं नाव छापलं नाही तर मागू शकता.

थकलेल्या पैशांसाठीही रस्ता आहे. 'उद्यम' ही लहान व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी फुकट होते. ती केलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाला ठरलेल्या तारखेला, आणि करारात काहीही लिहिलं तरी फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. प्रत्यक्षात व्याजासाठी भांडायला चित्रकार क्वचितच जातो, कारण पुढचं काम त्याच माणसाकडून हवं असतं. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ लिहिली तरी समोरच्या हिशेबनिसाचा सूर बदलतो.

[पडद्यावर: वही पुढे सरकवणारा हात. दुसरा हात त्यावर एक रेघ दुरुस्त करतो.]

ही माहिती एकानं वकिलाला विचारून गटात टाकली, तर हजार जणांची सोय होते. पण टाकणाऱ्याची एक दुपार जाते, आणि त्या दुपारीचं मोल गटानं द्यायला काय हरकत आहे? गणपतीत दारात येणाऱ्या पोरांना आपण वर्गणी देतो, पावती घेतो, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. कलेच्या गटात मात्र पैशाचं नाव काढलं की 'धंदा करताय का?' असं ऐकावं लागतं. हजार माणसांनी महिन्याला दहा दहा रुपये दिले तर दहा हजार होतात. अॅडमिननं एखाद्या कमी पैशांच्या, घाईच्या कामाला त्या महिन्यात नाही म्हणावं, इतके. दर सहा महिन्यांनी अॅडमिन बदला, जागा ठरवायचं काम तिसऱ्याकडे द्या, नव्या माणसाला वही कशी धरायची ते सांगायचं काम चौथ्याकडे.

आणि वर्गणीचा हिशेब अॅडमिनकडे देऊ नका. त्याच्याकडे आधीच पुरेसं आहे.