बर्फ म्हणजे कुठला बर्फ?

(कॅनडातल्या ओटावा शहरात, नोव्हेंबरच्या मध्यावर तिथल्या मराठी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याची ढब तशीच ठेवून संपादित केलेलं.)

नमस्कार मंडळी. बसा, मागे अजून खुर्च्या आहेत.

गेल्या वर्षी याच दिवसांत, नुकत्याच इथे आलेल्या एका विद्यार्थ्याचा मला फोन आला. "काका, बर्फासाठी कुठले टायर घेऊ?" मी विचारलं, "कुठल्या बर्फासाठी?" तो गप्प झाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. उसाच्या रसात घालतात तो बर्फ, मनालीला पडतो तो बर्फ आणि सकाळी ड्राइव्हवेवर काचेसारखा चकाकतो तोही बर्फच. मी साताऱ्याचा. तिकडे यांना वेगळी नावं द्यायची वेळच येत नाही. इथे येते, कारण टायर निवडताना गफलत होते ती याच शब्दापाशी. म्हणून आजच्यापुरतं ठरवून टाकू. आकाशातून भुरभुर पडतं आणि बुटाखाली करकरतं ते हिम. पाणी गोठून रस्त्याला चिकटून बसतं तो बर्फ.

हा फरक मी कसा शिकलो ते आधी सांगतो. माझा इथला पहिला हिवाळा. जुनी गाडी घेतली होती. विकणारा म्हणाला, टायर ऑल सीझन आहेत, बारा महिने चालतात. कडेला एम आणि एस ही अक्षरंही होती, म्हणजे चिखल आणि हिम. मी टायरच्या कारखान्यातल्या रबराच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं काढलेला माणूस, आणि तरी मी ते खरं मानलं. डिसेंबरात दोनदा हिम पडलं, गाडी व्यवस्थित चालली. मग जानेवारीत एका सकाळी रस्ता स्वच्छ, ओलसर काळा दिसत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची पाटी आहे. वेग फार तर पंचवीस. मी ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. बायको शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, थांबवा ना." चौक ओलांडून पलीकडच्या हिमाच्या ढिगात आम्ही रुतलो. आडवं कुणी येत नव्हतं, म्हणून निभावलं. तो ओलसर काळा रस्ता म्हणजे बर्फाचा पातळ, पारदर्शक थर होता. हिमात जे टायर चालले, ते बर्फावर निरुपयोगी ठरले.

आता हे दोन तुकडे बघा. दोन्ही जुन्या टायरच्या नक्षीच्या भागातून कापलेत. सकाळपासून डिकीत पडून होते, म्हणजे बाहेरच्याच थंडीत. हातोहात मागे जाऊ द्या, पण लवकर, नाहीतर हाताच्या उबेने दोन्ही सारखेच नरम पडतील. नखाने दाबा. एकात नख रुततं, दुसऱ्यावर नुसतं घसरतं. रुततं तो विंटर टायर, दुसरा उन्हाळी. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते, उन्हात ठेवावी लागते. शेजारचं तिळाचं तेल मात्र वाहतं राहतं. दोन्ही तेलंच, पण थिजण्याचं तापमान वेगळं. रबराचंही असंच आहे. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या डांबरावर टिकावं म्हणून घट्ट बनवतात. थंडी वाढेल तसं ते ताठरतं, रस्त्याच्या बारीक खडबडीत भागात शिरेनासं होतं. विंटर टायरच्या मिश्रणात कमी तापमानालाही लवचीक राहणारी रबरं, सिलिका आणि काही वेळा वनस्पती तेलं असतात. फिनलंडची नोकियन कंपनी तर कॅनोला तेल वापरते.

सात अंशांखाली गेलं की टायर बदला, हे तुम्ही ऐकलं असेल. तो सोयीचा आकडा आहे, लक्ष्मणरेषा नव्हे. पाच अंशांना कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर विंटर टायरपेक्षा लवकर थांबूही शकतो. पण ओटावात पाच अंशांची दुपार रात्री उण्यात जाते आणि घरी परतायचं असतं रात्रीच.

तुकडा हातात आहे तोवर जरा वाकवून बघा. ठोकळ्यांवरच्या बारीक नागमोडी चिरा उघडतात. हिवाळी टायरचं निम्मं काम या चिरा करतात, आणि हिमावरचं काम वेगळं, बर्फावरचं वेगळं.

आधी हिम. आपण सगळे पावसाळ्यातले लोक. टायरच्या खाचांचं काम पाणी बाहेर फेकायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. हिमात उलट होतं. खाचांनी हिम धरून ठेवायचं असतं, कारण हिमाला हिम चिकटतं. मुलं हिमाचे गोळे करतात तेव्हा मुठीत दाबलं की लाडू वळल्यासारखं ते बसतं. टायरच्या खाचांत दाबून बसलेलं हिम खालच्या हिमाला असंच धरतं. पाच मिनिटं गाडी चालवून उतरलात आणि खाचा पांढऱ्या दिसल्या, तर तो टायर हिमात नीट काम करतोय असं समजा.

बर्फावर असं धरायला काही नसतं. शून्याच्या आसपास बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि घसरण होते ती त्याच्यामुळे. चिरा आणि रबरातली सूक्ष्म छिद्रं ते पाणी क्षणभर शोषून घेतात आणि तेवढ्या क्षणात रबर कोरड्या बर्फाला टेकतं. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उणे वीसला हे पाणी जवळजवळ नसतं, म्हणून तो बर्फ शून्यावरच्या बर्फापेक्षा कमी घसरडा असतो. कडाक्याच्या दिवशी आपण जपून चालवतो आणि थंडी उतरली की निर्धास्त होतो. धोका नेमका तेव्हा वाढलेला असतो. १९९८ च्या जानेवारीत या शहरावर गोठणारा पाऊस दिवसेंदिवस पडला होता. इथे जुनी मंडळी बसली आहेत, त्यांना आठवत असेल. तेव्हाही तापमान शून्याच्या जवळपासच होतं.

थोडं शाळेतलं गणित करू. ताशी पन्नास किलोमीटरवर ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. घर्षण गुणांक, म्हणजे रस्त्यावरच्या पकडीचा आकडा, ०.२ धरला, म्हणजे दबलेलं हिम, तर ४९ मीटर. ०.१ धरला, म्हणजे बर्फ, तर ९८ मीटर. तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचं अंतर यात नाही. आता वेग तीसवर आणा. ०.१ ला ३५ मीटर. आणि चांगल्या टायरने तो गुणांक समजा ०.१५ झाला, तर २४ मीटर. आकड्यात फरक एवढासा, रस्त्यावर तो दोन गाड्यांच्या लांबीहून जास्त. गल्लीच्या तोंडाशी मला तेवढेच मीटर कमी पडले होते.

मग दुकानात काय बघायचं? एम आणि एस ही अक्षरं बघून निर्णय घेऊ नका, त्यासाठी कुठलीही चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चित्र शोधा. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या टायर उद्योगाने ते आणलं. ते मिळवायला टायरला दबलेल्या हिमावर चाचणी द्यावी लागते. पण ही चाचणी हिमावरची आहे आणि गाडी पुढे खेचण्याची आहे. बर्फावर थांबण्याची नाही. त्यामुळे चित्र असलेले दोन टायर बर्फावर एकमेकांपासून फार वेगळे निघू शकतात. युरोपात २०२१ च्या मे महिन्यापासून टायरच्या लेबलावर बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह आलं. आपल्याकडच्या दुकानांत ते सहसा दिसत नाही, म्हणून जात ओळखावी लागते.

जर्मनीत, ऑस्ट्रियात चालणारा विंटर टायर मोकळ्या, ओल्या, वेगवान रस्त्यांसाठी बनवतात. वेगाची मर्यादा ताशी २१० किंवा २४०, रबर तुलनेने घट्ट. महामार्गावर तो स्थिर वाटतो, बर्फावर उणा पडतो. दुसरी जात उत्तरेकडची, खिळ्यांशिवायची. मिशेलिनचा एक्स-आइस, ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक, नोकियनचा हाक्कापेलिट्टा आर, कॉन्टिनेंटलचा वायकिंगकॉन्टॅक्ट हे सगळे त्यातले. रबर खूपच नरम, चिरा दाट. पावसाळी रस्त्यावर आणि उन्हाळ्यात ते लिबलिबीत वाटतात, झिजतातही भराभर. ओटावासाठी मी हीच जात सांगेन, आणि ठामपणे सांगेन. या चार नावांतलं एक निवडण्यात रात्री जागवू नका. जातीतला फरक मोठा असतो, भावंडांमधला लहान.

ऑल वेदर म्हणून जे येतात, त्यांच्यावर डोंगराचं चित्र असतं आणि ते बारा महिने ठेवता येतात. टोरांटोत, बसने कामाला जाणाऱ्या आणि शनिवारीच गाडी काढणाऱ्या माणसाला ते पुरतील. रोज पहाटे सहाला हॉस्पिटलच्या पाळीला निघणाऱ्या नर्सला मी ते देणार नाही.

राहिले खिळ्यांचे. टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेले छोटे खिळे बर्फात रुततात, आणि शून्यावरच्या ओल्या बर्फावर त्यांना तोड नाही. उणे वीसला बर्फ कठीण होतो, खिळे कमी रुततात आणि बिनखिळ्यांचे टायर त्यांच्या जवळ येतात. दक्षिण ऑन्टारिओत, म्हणजे ओटावा धरून आपल्या प्रांताच्या दक्षिण भागात, आपल्याला ते लावायची परवानगी नाही. कारण समजायला जपानकडे जावं लागेल. सेंदाई, सापोरो अशा शहरांत बहुतेक गाड्यांना खिळ्यांचे टायर असत. हिम वितळलं की उघड्या डांबरावर तेच खिळे घासत, रस्ता खरवडला जाई, आणि वसंत ऋतूत हवेत डांबराची धूळ. लोक तोंडाला रुमाल बांधून चालत. १९९० मध्ये कायदा झाला आणि खिळे गेले. बिनखिळ्यांच्या टायरचं तंत्र या रेट्यामुळे झपाट्याने पुढे गेलं. ब्लिझॅकही तिथलाच, १९८८ चा. पण बंदीनंतर सापोरोच्या चौकांत एक नवी गोष्ट दिसली. खिळे बर्फ खरवडून खडबडीत ठेवत होते, ते थांबलं. बिनखिळ्यांच्या चाकांनी चौकातला बर्फ घासून घासून आरशासारखा गुळगुळीत केला. मला हा इतिहास फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या टायरचा परिणाम मागून येणाऱ्या गाडीच्या रस्त्यावर होतो, हे त्यात उघड दिसतं.

कायद्याचं थोडक्यात. नदीपलीकडे गॅटिनोत, म्हणजे शेजारच्या क्वेबेक प्रांतात, २००८ च्या हिवाळ्यापासून सक्ती आहे. आता १ डिसेंबर ते १५ मार्च, आणि टायरवर डोंगराचं चित्र हवं. नदीअलीकडे आपल्याला सक्ती नाही. पूल तोच, बर्फ तोच. सक्ती नाही म्हणून गरज नाही, असं कुणी समजू नये. ऑन्टारिओत २०१६ पासून विमा कंपन्यांना चार विंटर टायर लावणाऱ्याला सवलत द्यावीच लागते. ती आपणहून मिळेलच असं नाही, फोन करून मागा.

चार म्हणालो मी. दोन लावून भागवणारे बरेच भेटतात, आणि ते दोन पुढे लावतात. मग पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडी गर्रकन फिरते. पैसे कमी असतील तर चार जुने, पण एकाच जातीचे घ्या. दुसरा गैरसमज चारचाकी ड्राइव्हचा. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी हिमातून निघते लवकर, पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चार चाकांवर असतात. थांबताना त्या महागड्या यंत्रणेचा काडीचा उपयोग नाही.

हवेचंही सांगतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब दीड-दोन पीएसआयने उतरतो; पीएसआय म्हणजे पंपावर हवा मोजतात ते माप. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर आकडा असतो, थंड टायरला तेवढी भरा. शक्य असेल तर विंटर टायर वेगळ्या लोखंडी रिमवर बसवून ठेवा, दर वेळी रबर काढ-घाल करायचा खर्च वाचतो. आणि चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. हे बहुतेक जण विसरतात.

विद्यार्थी मंडळींसाठी शेवटचं. जुने टायर घेताना कडेवर चार आकडी शिक्का शोधा. ३८२३ असेल तर २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. रबर नुसतं पडून राहिलं तरी ताठरतं, तेव्हा नक्षी कितीही छान दिसू दे, दहा वर्षांचा टायर फुकटही घेऊ नका. खाचांची खोली मोजायला पंचवीस सेंटचं नाणं पुरतं. रेनडियरसारखं दिसणारं कॅरिबूचं डोकं खाली करून ते खाचेत घाला. त्याचं नाक खाचेत बुडालं तर ठीक. नाक वर दिसलं तर पाच मिलीमीटरसुद्धा उरलेले नाहीत. उन्हाळ्यात तो टायर चालेल, इथल्या हिवाळ्यात नाही.

चहा झाला की मी खाली पार्किंगमध्ये थांबतो. टॉर्च माझ्याकडे आहे, नाणी तुम्ही आणा. एकेक गाडी बघू.