औषध आतड्यातच तयार व्हावं म्हणून

(दृश्य: फोंडा बसस्थानक, सकाळ)

फोंड्याहून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळापर्यंत, बसनं जायचं म्हटलं, की काही जण आधी शौचालय गाठतात आणि पोट रिकामं ठेवूनच निघतात. मोठ्या आतड्याला सूज, जखमा, दिवसातून कितीतरी वेळा रक्ताचे जुलाब. हा अल्सरेटिव्ह कोलायटिस. लाजेपायी घरातही कुणी बोलत नाही, मूळव्याध समजून महिने निघून जातात. याचं फार वाईट वाटतं.

आजार बळावला, तर इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध सलाइनमधून देतात, सुरुवातीच्या डोसांनंतर साधारण दर 8 आठवड्यांनी. सूज भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला ते अडवतं. पण दुखणं आतड्यात आणि औषध अंगभर! दबलेला क्षयरोग त्यामुळे उसळू शकतो, म्हणून आधी टीबीची तपासणी. बरं, हे औषधही प्रथिनच, तोंडावाटे दिलं तर वाटेतच पचून जातं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचे जिवाणू)

2000 साली बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा चीज आणि ताकातला जिवाणू घेतला. सूज शमवणाऱ्या इंटरल्यूकिन-10 या प्रथिनाचं जनुक त्याच्यात बसवलं. तो आतड्यात पोचून तिथंच प्रथिन सोडू लागला. उंदरांमधली सूज निम्म्यानं उतरली.

पण असा जिवाणू शौचावाटे बाहेर पडला तर? गोव्यात कित्येक घरांची विहीर आणि सोकपिट (शौचालयाचा शोषखड्डा) एकाच परसात असतात, त्यामुळे हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. संशोधकांनी त्याचं थायमिडीन बनवणारं जनुक काढलं आणि नेमक्या त्याच जागी औषधाचं जनुक बसवलं. थायमिडीनशिवाय डीएनए तयार होत नाही. बाहेर ते मिळालं नाही, की जिवाणू मरतो. या सगळ्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही खबरदारी.

2006 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराच्या 10 रुग्णांवरची पहिली चाचणी सुरक्षित ठरली. पुढं कोलायटिसच्या मोठ्या चाचणीत मात्र हे औषध आणि औषध नसलेली बनावट मात्रा (प्लासिबो) यांच्यात ठळक फरक दिसला नाही.

काम थांबलेलं नाही. ई. कोलाय निसल हा जिवाणू 1917 साली जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसल यांना एका सैनिकाच्या विष्ठेत सापडला. साथीदारांना हगवण लागली, हा मात्र ठणठणीत होता. त्याच जिवाणूकडून बोस्टनच्या संशोधकांनी टीएनएफला अडवणारी नॅनोबॉडी नावाची छोटी प्रथिनं आतड्यात सोडवून घेतली. तो प्रयोग 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, उंदरांवरचा.

म्हणून चालू असलेली सलाइन कुणी बंद करू नये. घरच्या ताकातल्या जिवाणूत हे जनुक नसतं. आणि शौचात रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.