विवेकातला ‘क’ आला कुठून?

नमस्कार मंडळी! ‘विवेक’वर कधी बोलणार, हा धोशा काही थांबेना, म्हणून आज बसलोय. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: खरंखोटं, बरंवाईट ओळखणारी बुद्धी. झालं. पुढे.

एकाने लिहिलंय, ‘विद्या अधिक एक म्हणजे विवेक.’ आणि त्याला लाइक किती! अहो, अशी फोड तर वडापावचीही करता येईल. ‘वि’ उपसर्ग, ‘विच्’ धातू. विच् म्हणजे वेगळं करणं. आता विचाराल, च चा क कसा झाला? पच् म्हणजे शिजवणं, त्यावरून पाक. नाही पटलं? शुच् वरून शोक. अजूनही नाही? सिच् म्हणजे शिंपणं, त्यावरून सेक, आणि पुढे ‘अभि’ लावला की पिंडीवरचा अभिषेक. स चा ष का झाला, ते आज विचारू नका. च गेला, क आला, एवढं धरा. ‘विवेचन’मध्ये मात्र तोच च जागचा हललेला नाही, बघा.

आणि हो, ‘विचार’ हा विवेकाचा भाऊ नाही! तो चर् धातूचा, म्हणजे हिंडण्याफिरण्याचा.

वेगळं करणं म्हणजे काय, तर अक्षरशः पाखडणं. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच अध्यायात यज्ञाचं धान्य पाखडताना दाण्यांना म्हटलंय, ‘वायुर्वो विविनक्तु’. वारा तुम्हांला वेगळं करो. दाणा इकडे, तूस तिकडे. मला आमच्या आजीचं सूपच आठवलं. ‘वाऱ्याच्या तोंडी बसू नको, डोळ्यांत कोंडा जाईल,’ म्हणायची. मी बसायचो. कोंडा जायचाच.

सांख्य दर्शनवाल्यांनी हीच निवड पुरुष (म्हणजे चैतन्य) आणि प्रकृतीत (म्हणजे जड सृष्टी) केली, वेदान्त्यांनी नित्य आणि अनित्यात, म्हणजे टिकणारं आणि न टिकणारं यांत. आपला आजचा ‘विवेकवाद’ही, म्हणजे बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहणं, त्याच शब्दावर उभा आहे.

आणि आपण ‘विवेकाने वागा’ कधी म्हणतो? समोरच्याला गप्प करायचं असतं तेव्हा! आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी रंगकामाची बिलं मागितली, तर एक काका म्हणाले, ‘जरा विवेक ठेवा.’ अहो काका, तेच तर करत होतो! झालेला खर्च आणि दाखवलेला खर्च, दोन वेगळे ढीग. तुम्हांला हवा होता तो संयम. त्याचा धातू यम्, आणि त्याबद्दल मला अजून कोणी विचारलेलं नाही.