एक फोन आणि एक पुस्तिका

श्रोतेहो, नमस्कार.

जुगारात सगळं घालवून बसलेल्या माणसाला भेटेल तो सांगतो, "मनावर ताबा ठेव." या सल्ल्याचा मला राग येतो. तो माणूस स्वतःला हेच रोज बजावत असतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव लावतो.

पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांचंच पाहा. मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी काही औषधं सुरू झाल्यावर, आयुष्यात कधी पैज न लावलेली माणसं जुगाराच्या मागे लागल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांनी औषध बदललं किंवा कमी केलं, की अनेकांची ओढ ओसरली. मग हा नुसता चारित्र्याचा प्रश्न कसा म्हणायचा? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं जुगाराला १९८० मध्ये विकार मानलं आणि २०१३ मध्ये दारूच्या व्यसनाच्या रांगेत बसवलं.

उपचारांत सर्वाधिक अभ्यास झालाय तो सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणूक बदलणाऱ्या समुपदेशनाचा. खेळणाऱ्याच्या डोक्यात हिशेब चालू असतो: पाच वेळा हरलो, आता लागणारच. थोडक्यात हुकलं, म्हणजे जवळ आलोय. गेलेले पैसे तेवढे काढतो आणि थांबतो. समुपदेशक हे विचार त्याला मोठ्यानं बोलायला लावतो आणि दोघं मिळून ते तपासतात. फाशाला मागचा डाव आठवत नाही, हे कळत सगळ्यांनाच असतं; खेळताना ते टिकत नाही. म्हणून सराव लागतो. हातात पैसे आले, भांडण झालं, एकटेपणा आला, की काय करायचं हेही आधीच ठरवलं जातं.

याचा फायदा पहिल्या काही महिन्यांत स्पष्ट दिसतो. पुढे तो किती टिकतो याचा पुरावा तोकडा आहे, कारण बरेच अभ्यास लवकर संपतात. संशोधकांनी माणसांची साथ इतक्या लवकर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

गोळ्यांचं म्हणाल, तर नैराश्यावरच्या औषधांचा जुगारावर खात्रीचा उपयोग दिसलेला नाही. दारूच्या आणि अफूसारख्या व्यसनांवर दिल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोन या औषधाकडून थोडी आशा आहे. उपचार कसे करावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की आधी समुपदेशन, आणि ते पुरलं नाही तर या औषधाचा विचार.

पण उपचार घ्यायला येतं कोण? अमेरिकेतल्या पाहण्यांत, हा विकार झालेल्यांपैकी दहातला जेमतेम एक जण मदतीपर्यंत पोहोचलेला दिसला. लाज आडवी येते. म्हणूनच कॅनडातल्या कॅलगरीचा २००१ मधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. काहींना घरी स्वमदतीची पुस्तिका पाठवली. काहींना पुस्तिकेबरोबर समुपदेशकाचा एक फोन केला. फोनवर उपदेश नव्हता. तुम्हाला काय बदलावंसं वाटतं, एवढंच आपुलकीनं विचारलं. दोन वर्षांनी पाहिलं, तर फोन झालेले लोक कमी दिवस खेळत होते आणि कमी पैसे हरत होते.

तेव्हा घरचं माणूस कधी एकदा, अर्धवट का होईना, बोललं, तर कर्जाचा आकडा आधी विचारू नका. "काय बदलावंसं वाटतं?" असं विचारा आणि समुपदेशकाला त्याच दिवशी फोन लावून द्या. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्याला एकटं सोडू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.